परदेशी शिकायला जाण्यापूर्वी

व्हिसा, फी, गरम कपडे यांची यादी आपण नीट करतो. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्या यादीत नसतो.

दानिएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय अशा वेळी आपण अवश्य वाचावा. दानिएल व त्याचे तीन सोबती बाबेलला गेले ते बंदिवान म्हणून, हौसेने नव्हे. पण शिक्षण होते ३ वर्षांचे! खास्दी भाषा व विद्या ते शिकले. दानिएलला बेल्टशस्सर हे परके नाव मिळाले, तेही त्याने चालवून घेतले. राजाच्या ताटातले अन्न मात्र विटाळ होईल म्हणून नाकारले आणि १० दिवस शाकाहार व पाणी घेऊन दाखवले.

फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी १९९० सालच्या ग्रंथात असाच भेद केला आहे: ‘तसेच राहणे’ वेगळे आणि दिलेला शब्द पाळत ‘आपण स्वतः असणे’ वेगळे.

निरोप देताना ‘बदलू नकोस हं’ असे आपण म्हणतो, ते आम्हाला पटत नाही. बोलणे, पोशाख, आवडी बदलणारच. दानिएलने निश्चय आधी मनात केला, मग अधिकाऱ्याला विनंती केली. आपण कशाला ‘नाही’ म्हणणार, हे आपल्या मुलामुलींनीही घरी असतानाच ठरवावे. तिकडे विचारायला जवळ कोणी नसते.