पाहण्याची रीत

डोळे पाहतात, असे आपण म्हणतो. परंतु डोळ्यांनी टिपलेल्या प्रकाशाचा अर्थ मेंदू लावीत असतो. केजच्या बाजारात शिरणाऱ्या माणसाला प्रथम गजबजलेला बाजार दिसतो. एखाद्या पालाच्या दोरीची गाठ त्याच्या ध्यानातही येत नाही. सुटे तपशील जुळवून समग्र चित्र उभे करावे, ही बहुतेकांच्या मेंदूची रीत होय.

स्वमग्न मुलाची रीत पुष्कळदा निराळी असते. त्याची दृष्टी कदाचित त्या गाठीवरच खिळून राहील. लोक मात्र त्याला हट्टी म्हणून हसतात.

१९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८३ मध्ये अमित्ता शहा व ऊटा फ्रिथ या विदुषींचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या चित्रात दडलेली लहानशी आकृती मुलांनी शोधावयाची होती. या कामी स्वमग्न मुले समान मानसिक वयाच्या इतर मुलांहून सरस ठरली! जिला लोक उणीव समजत, तिच्यातच एक सामर्थ्य दडलेले होते.

अर्थात, सर्व स्वमग्न मुले सारखी नसतात. नंतरच्या प्रत्येक प्रयोगातही असेच आढळले नाही. म्हणून असे मूल भेटल्यास त्याला हसू नये. शेजारी बसून विचारावे, “तुला काय दिसते?” आपल्या नजरेतून निसटलेले काही ते दाखवील.

स्वाध्याय : ‘उणिवेतच सामर्थ्य दडलेले होते,’ असे लेखक का म्हणतो?