शोधनिबंध आधी की पेटंट?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्कृष्ट शोधनिबंध व उत्कृष्ट पेटंट या दोहोंसाठी वार्षिक पारितोषिके दिली जातात. वैद्यांनी यांतील भेद ध्यानी घ्यावा. शोध आधी छापला, की त्याचे नावीन्य सामान्यतः संपते व पेटंट दुरावते.

मात्र हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ मध्ये दिलेले अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते छापील पुराव्यावरच. त्यात १९५३ चा एक भारतीय शोधनिबंधही होता. परदेशातील निव्वळ तोंडी परंपरा तेथील तत्कालीन कायद्यास मान्य नव्हती. हा लढा देणाऱ्या परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे याच प्रयोगशाळेचे माजी संचालक.

गंगापूर रोडवरील औषधनिर्मात्यांनी नवी निर्माणप्रक्रिया परिसंवादात मांडण्यापूर्वी पेटंटसाठी अर्ज करावा. ग्रंथोक्त कल्पांचे रुग्णानुभव मात्र वहीत न ठेवता छापावेत.