खांद्यावरून उतरल्यावर

मिरज, शुक्रवार

चि. रणजित यास मामाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

वास्तुशांतीच्या पंगतीत तुझ्या धाकट्या काकांनी मोठ्या अभिमानाने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला आणि ताटातली जिलबी तशीच राहिली. ऑफसाईडचा निर्णय देणाऱ्या पंचाच्या छातीला दोन्ही हात लावून त्याला मागे रेटणारा, दंडावर कर्णधाराची पट्टी बांधलेला तो मुलगा तूच, हे ओळखायला मला चष्मा पुसावा लागला नाही. तुझ्या आजीचा, म्हणजे आमच्या अक्काचा, राग असाच हनुवटीपासून चढत असे. तुला लाल कार्ड मिळाले, ते रास्तच झाले. माझी झोप उडाली आहे ती त्यापुढच्या दृश्याने. कुंपण ओलांडून आलेल्या पाच-सहा बाप्यांनी तुला खांद्यावर घेतले, शिट्ट्या वाजल्या, आणि तू वरून हात हलवलास.

उभा जन्म दिवाणी न्यायालयाच्या नझारतीत गेल्यामुळे दस्तऐवज पाहिल्यावाचून कोणाची कैफियत ऐकण्याची मला सवय नाही, म्हणून तुमच्या क्लबाची नियमावली मागवून घेतली. सरावाला वेळेवर यावे, पंचाशी हुज्जत घालू नये, सामना हरला तरी प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करूनच मैदान सोडावे, दुसऱ्या पेठेची टवाळी करणाऱ्या चित्रफिती पसरवू नयेत, अशी ती कलमे आहेत, आणि खाली तुझ्या सहीशेजारी तुझ्या आईचीही सही आहे. तिने ती कामाच्या घाईत न वाचता केली असेल. तू मात्र वाचून केलीस, कारण प्रत्येक कलमापुढे तुझी पेन्सिलीची खूण आहे. उशिरा येणाऱ्यास मैदानाला किती फेऱ्या माराव्या लागतात वगैरे गोष्टी तुमच्या प्रशिक्षकांच्या अखत्यारीतल्या. त्यांत मी पडत नाही.

मी बोलणार आहे ते त्या पट्टीविषयी. कर्णधारास पंचापुढे जाऊन भांडण्याचा हक्क असतो, असा तुझा समज झालेला दिसतो. खेळाच्या सतरा नियमांपैकी तिसरा उघडून पाहा. कर्णधारास कोणताही विशेष दर्जा वा सवलत नाही, मात्र संघाच्या वर्तनाची काही अंशी जबाबदारी त्याच्यावर आहे, असा तेथे खुलासा केलेला आहे. युरोपातल्या २०२४ च्या अजिंक्यपद स्पर्धेत खुलासा विचारण्यास एकट्या कर्णधारानेच पंचाकडे जावे असा दंडक घातला गेला, तो पंचाभोवती पडणारा गराडा मोडावा म्हणून. आणि तू तर एकटाच गराडा होऊन गेलास! पाचवा नियम आमच्या न्यायालयांहूनही कडक आहे: मुन्सफाच्या निकालावर वर अपील चालते, खेळातल्या घटनेवर पंचाने दिलेला निर्णय अखेरचा. १९६६ साली वेम्ब्लीवर अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला जर्मन पंचाने बाहेर जाण्यास फर्मावले असता तो कित्येक मिनिटे मैदान सोडीना, कारण एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. त्या सामन्याच्या गोंधळावरूनच केन ॲस्टन या इंग्रज पंचास रंगीत कार्डांची युक्ती सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम अमलात आली. तुझ्यावेळी भाषेची तरी अडचण नव्हती.

असो. कार्ड भोगून संपते. पुढच्या सामन्यास बाहेर बसलास की तो हिशेब चुकता. त्या खांद्यांचा हिशेब कसा चुकता करायचा? आपल्या कोल्हापुरात ज्या तालमींत मल्ल घुमले त्यांच्याच नावांनी फुटबॉलचे संघ उभे राहिले, त्यामुळे शाहू स्टेडियमवर संघ हरला की अवघी पेठ हरल्यासारखी होते. या वेडाची निंदा मी करणार नाही. ज्या गावात हे वेड आहे त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. परंतु गेल्या हंगामात तू गोलरेषेवरून चेंडू परतवून सामना राखलास, तेव्हा या मंडळींपैकी कोणी कुंपण ओलांडले होते का, एवढे मला सांग. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानातली झटापट प्रेक्षकांत पोचली आणि १६ माणसे प्राणांस मुकली. ती सारी खेळ पाहायलाच आली होती.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. दुसऱ्या पेठेतला एक वर्गमित्र, ज्याच्या आईच्या हातचे मी स्वतःच्या घरच्याइतके जेवलो, तो त्या वर्षी आमच्या विरुद्ध संघाकडून खेळत असे. एका सामन्यात आमच्या बाजूच्या पोरांनी त्याच्या आईचे नाव घेऊन घोषणा दिल्या. त्यात माझा आवाज नव्हता, पण मी तेथून उठलोही नाही, आणि तो पाहत होता. त्याने पुढे कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर फार बरे झाले असते.

एवढे खडसावून लिहिल्यावर ती चित्रफीत मी पुन्हा मागवून एकट्याने पाहिली. तुमचा तो पोरगा ऑफसाईड नव्हता असे मलाही वाटते. आणखी एक दिसले, जे पंगतीतल्या गलक्यात दिसले नव्हते: हात हलवताना तू हसत नव्हतास, मान वळवून मागे उरलेल्या आपल्या दहा पोरांकडे पाहत होतास. मग रात्री मला थोडी झोप लागली.

क्लबाने माफीनामा मागितला आहे असे कळले. तो तुझ्या शब्दांत तूच लिही. मसुदा करून द्यायला माझे हात शिवशिवत आहेत, पण देणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. पंचांच्या घरी दोघे मिळून जाऊ, जिना मात्र तू एकट्याने चढायचा, आणि कितीही वेळ लागला तरी मी खाली आहे. बंदीच्या सामन्यालाही मी तुझ्याशेजारी बसेन. छत्री आणीन, कारण उन्हात तुझे डोके दुखते. घोट्याला शेक देऊ नकोस, बर्फ लाव. परतताना मिसळ खाऊ. माझ्या पथ्याविषयी तुझ्या आईपाशी अवाक्षर काढायचे नाही.

तुझा,
मामाआजोबा