झाडावरची पाल

पाल म्हटली की घराची भिंत आठवते. पण आमच्या बुरोंडीच्या वाडीत आंब्याच्या खोडावरही पाल राहते. तिला आपण झाडपाल म्हणू या.

एकदा तिन्हीसांजेला आम्ही वाडीत उभे होतो. आमच्या गड्याने एकदम कोयता उचलला. म्हणाला, "गुरुजी, मागं व्हा! ही झाडावरची. हिचं विष जहाल!"

आम्ही त्याचा हात धरला. म्हटले, "थांब रे. आधी नीट बघ."

पाल खोडाला चिकटून होती. रंग सालीसारखाच, करडा. हलली नसती तर दिसलीही नसती. तिच्या बोटांखाली अतिशय बारीक केस असतात. केरसुणीच्या काड्यांसारखी त्यांची टोके फुटलेली असतात. ती टोके सालीला अगदी लगटून बसतात, म्हणून पाल पडत नाही. पायांना डिंक वगैरे काही नसतो.

पालीला मिटण्याजोग्या पापण्या नाहीत. ती जिभेने डोळे पुसते. शत्रूने धरले तर शेपूट टाकून पळते. पुढे नवी शेपूट फुटते. रात्री ती किडे, पतंग खाते.

आता विषाचे. पाल विषारी नसते. मग दुधात पाल पडली तर माणसे आजारी का पडतात? तिच्या अंगावर व विष्ठेत रोगाचे जंतू असू शकतात. म्हणून असे दूध टाकून द्यावे. भांडी झाकून ठेवावी. उलट्या-जुलाब झाले तर दवाखाना गाठावा, मांत्रिक नव्हे.

दूर पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचे बेट आहे. तिथे झाडावर राहणारी एक तुरेवाली पाल आहे. तिची शेपूट एकदा तुटली की पुन्हा येत नाही. शास्त्रज्ञांनी तिची नोंद १८६६ साली केली. पुढे ती कुणाला दिसेना. लोक म्हणाले, संपली. १९९४ साली ती पुन्हा सापडली! एवढे नशीब प्रत्येक प्राण्याला लाभत नाही. गेलेला जीव बहुधा परत येत नाही.

गड्याने कोयता खाली ठेवला. चार दिवसांनी तोच सांगत आला, "गुरुजी, सुटलेल्या सालीमागं दोन पांढरी अंडी हायेत. ती साल मी काढली नाय."

आम्हाला फार बरे वाटले.

प्रश्न :
१. पाल झाडावरून का पडत नाही?
२. पाल पडलेले दूध का टाकावे?
३. तुमच्या वाडीतल्या झाडांवर कोणकोणते जीव राहतात? पाच नावे लिहा.