वृद्धापकाळातील अडखळती चाल : एक दुर्लक्षित आजार

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोसा कापडाच्या विणकामासाठी ओळखले जाते. आयुष्यभर हातमागावर राबलेल्या आजोबांची पावले अडखळू लागली की “आता वय झाले” असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा त्यामागे उपचारांनी सुधारू शकणारा आजार असतो. त्याचे नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस, संक्षेपाने एन.पी.एच.

आपल्या मेंदूत दररोज सुमारे ५०० मि.लि. द्रव तयार होतो व तितकाच रक्तात शोषला जातो. कोणत्याही क्षणी त्याचे प्रमाण साधारण १५० मि.लि. असते. शोषणाची ही क्रिया मंदावली की मेंदूतील पोकळ्या फुगतात. मात्र कमरेतून सुई घालून मोजलेला दाब बहुधा सामान्यच आढळतो. सन १९६५ मध्ये कोलंबियातील डॉ. सालोमोन हाकीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

हा आजार बहुधा साठीनंतर दिसतो. त्याची प्रमुख लक्षणे तीन :

१. चालण्यात बदल : पाय फाकवून, लहान पावले टाकत, तळवे जमिनीला चिकटल्यासारखे चालणे, वळताना तोल जाणे. बहुतेकदा हे लक्षण प्रथम येते.
२. लघवीची घाई होणे, पुढे ती कपड्यांत होणे.
३. विचारांत मंदपणा, निरुत्साह व विस्मरण.

तिन्ही लक्षणे एकाच वेळी असतीलच असे नाही. पार्किन्सन किंवा अल्झायमर या आजारांशी याची गल्लत होते; कधी ते सोबतही असतात. म्हणून सी.टी. स्कॅन अथवा एम.आर.आय. आवश्यक ठरतो. त्यानंतर कमरेतून ३० ते ५० मि.लि. द्रव काढून रुग्णाची चाल आधी व नंतर तपासतात. चाल सुधारल्यास शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता वाढते. न सुधारल्यास मात्र आजार नाहीच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेत ‘शंट’ नावाची बारीक नळी त्वचेखालून बसवून जादा द्रव पोटाच्या पोकळीत सोडला जातो. सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांच्या अभ्यासात, शंट कार्यरत असलेल्यांचा चालण्याचा वेग तीन महिन्यांत स्पष्टपणे वाढला. स्मरणशक्ती व लघवीवरील ताबा यांत मात्र तेवढी निश्चित सुधारणा दिसली नाही. मेंदूभोवती रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी तुंबणे हे धोकेही आहेत. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारी छाब्रा शंट परदेशी शंटपेक्षा स्वस्त असल्याने सामान्य कुटुंबांना हा उपचार आवाक्यात येऊ शकतो. आपल्या भागातील रुग्णांसाठी मेंदूशल्यचिकित्सेची सोय नागपूर येथील शासकीय अतिविशेषोपचार रुग्णालयात आहे.

उपचारास विलंब झाला की लाभ कमी होत जातो. दरम्यान एखाद्या पडण्याने खुब्याचे हाड मोडून रुग्ण कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून नातेवाइकांना विनंती की, चाल केव्हा बदलली, किती वेळा तोल गेला, लघवीचा त्रास कधी सुरू झाला, याची नोंद ठेवावी. मोबाईलवर चालण्याचे छोटे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा त्रास संकोचाने लपवू नये. विश्वस्त व देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे की, एका गरीब वृद्धाच्या तपासणीचा आणि नागपूरच्या प्रवासाचा भार उचलल्यास त्याला पुन्हा स्वतःच्या पायांवर अंगणापर्यंत जाता येणे शक्य होते. वार्धक्य टळत नाही. पण प्रत्येक अडखळणे म्हणजे वार्धक्य नव्हे.