किती फूट?

१. इजा आणि दुखणं एक नव्हे. माझे आण्णा तालमीतले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एकदा त्यांची कुस्ती लांबली. बाहेर हलगी कडाडत होती, माणसं ओरडत होती. घरी आल्यावर आजी न्हाणीत त्यांच्या अंगावरची तांबडी माती धूत होती, तेव्हा उजव्या हाताचा अंगठा निखळून वाकडा झालेला तिला दिसला. त्यांनी पाहिला आणि मग ते कळवळले. अंगठा हौद्यातच निखळला होता, दुखला मात्र न्हाणीत. ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, पण तिचा अर्थ कळायला मला स्वतःच्या कंबरेची नऊ वर्षं घालवावी लागली.

इजेची खबर अंगातून वर जाते, पण तिला किती महत्त्व द्यायचं ते मेंदू ठरवतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि वरून निरोप धाडून मेंदू ते कमी-जास्त उघडू शकतो. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

२. एमआरआयचा कागद एकट्यानं वाचू नये. मी एक्केचाळीस वर्षांची होते. पाण्यानं भरलेली घागर उचलताना कंबरेत उसण भरली. एमआरआय काढला. ‘मणक्यात गॅप आलाय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही,’ असं मला सांगण्यात आलं. त्या रात्री कूस बदलायचीही भीती वाटली. पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली मोठा आढावा निघाला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या होत्या, निम्म्यांच्या फुगलेल्या. विशीतल्या पोरांतही झीज ३७ टक्क्यांना होती. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

३. तीन महिन्यांच्या पुढं गेलेलं दुखणं वेगळं असतं. माझी बहीण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पण २०१९ चा महापूर घरात शिरल्यापासून पाणी ३० फुटांवर गेलं की ती पिठाचे डबे, गाद्या, पोरांची दप्तरं माडीवर चढवायला लागते. तिला भित्री म्हणायची माझी छाती नाही. पूर खरा होता. मज्जातंतूंचंही तसंच होतं. मज्जारज्जूतल्या पेशी एकदा हुळहुळ्या झाल्या की साध्या निरोपालाही मोठ्यानं ओरडतात, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं. माझी कंबर ३० फुटांनाच घर रिकामं करत होती.

४. ‘सगळं मनाचं आहे’ असं बायकांना फार लवकर ऐकवलं जातं. मलाही ऐकवलं, घरात आणि घराबाहेरही. ते ऐकून मी आणखी आखडले. मेंदू दुखणं घडवतो याचा अर्थ दुखणं खोटं असा होत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा. हे वाचून मला रडू आलं.

५. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं, ताप किंवा वजनात घट असली तर यातलं काही वाचत बसू नका. तडक डॉक्टर गाठा.

६. मला उपयोग झाला तो थोडं थोडं वाकण्याचा. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीत बसून पायमोजा घालायला लावला, कंबरेचा पट्टा काढून. मग पाट, मग जमीन. दुखलं तर मोडलं असं समजायचं नाही, श्वास सोडायचा आणि उद्या तेवढंच करायचं. झोपही सुधारावी लागली. दीड वर्षानं उन्हाळ्यात डंकावरून कांदा-लसूण चटणी मी स्वतः कांडून आणली. चार किलोचा डबा होता.

७. निकालाच्या आठवड्यात कंबर अजून धरते. शाळेत तपासायच्या पेपरांचा ढीग, घरी पाहुणे. मग मी बहिणीला फोन लावते. ती नमस्कार-चमत्कार न करता विचारते, ‘किती फूट गं?’

‘एकतीस.’

‘मग सामान खालीच असू दे. चालून ये जरा रंकाळ्यावर.’