कॅमेरा फिरतो, की कोणी फिरवतं?

वाचण्याआधी
मरीन परेडचं एमआरटी स्टेशन २३ जून २०२४ रोजी सुरू झालं. तिथून तुम्ही कधी ट्रेनमध्ये बसला आहात का? त्या ट्रेनमध्ये ड्रायव्हर नसतो. मग ती कोण चालवतं? आधी आपलं उत्तर वहीत लिहा आणि मग पाठ वाचा.

पाठ
ट्रेनला रूळ असतात, त्यामुळे ती वाट सोडून जाऊ शकत नाही. पण काही बिनचालक गाड्या रुळांशिवाय चालतात. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआस बंदर आहे. तिथे अशा गाड्या मोठमोठे कंटेनर वाहून नेतात. त्यांना 'एजीव्ही' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर 'स्वयंचलित मार्गदर्शित वाहन'. नाव लांबलचक आहे, पण फोडून पाहिलं की सोपं वाटतं. स्वयंचलित म्हणजे आपोआप चालणारं. मार्गदर्शित म्हणजे ज्याला वाट दाखवली आहे असं. गाडी आपली आपण चालते खरी, पण वाट दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते.

अशा गाड्या १९५०च्या दशकात अमेरिकेत आल्या. सुरुवातीच्या गाड्या एका तारेच्या मागोमाग चालत. आता जमिनीवरच्या खुणा, चुंबक किंवा लेझर वाट दाखवतात.

बातम्यांच्या जगातही या गाड्या आहेत. वर्तमानपत्राचा कागद मोठ्या रोलमध्ये येतो. एकेक रोल सुमारे एक टन वजनाचा, म्हणजे छोट्या मोटारीइतका जड असतो. जपानमधल्या मोठ्या छापखान्यांत हे रोल गोदामातून छपाईच्या यंत्रापर्यंत एजीव्ही नेतात. असं ओझं माणसाच्या पायावर आलं तर काय होईल, विचार करा! इथे यंत्र आलं ते बरंच झालं.

आता टीव्हीच्या स्टुडिओत चला. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक कॅमेरामन उभा असे. १९८८ साली अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने बातम्यांसाठी रोबोट कॅमेरे आणले. आज अनेक वाहिन्यांकडे चाकांवर फिरणारे रोबोट कॅमेरे आहेत. कॅमेरा कुठे उभा राहायचा, किती उंच व्हायचा, कुणाकडे पाहायचा, हे आधीच ठरवून ठेवतात. कंट्रोल रूममधला एकच माणूस बटण दाबतो आणि तीन-चार कॅमेरे आपापल्या जागी जातात. वाटेत कोणी आलं, तर सेन्सरमुळे कॅमेरा थांबतो. जमीन मात्र अगदी सपाट लागते. चाकाखाली बारीकशी वायर आली, तरी घरी बसलेल्या प्रेक्षकाला चित्र हललेलं दिसतं.

बातम्यांमध्ये रोज तेच टेबल, तीच खुर्ची असते. म्हणून हे काम यंत्राला जमतं. पण क्रिकेटच्या सामन्यात चेंडू कुठे जाईल हे आधी कोण सांगणार? तिथे माणसाचा डोळाच लागतो.

यंत्र चुकतं तेव्हा काय होतं? २०१३ साली बीबीसीच्या बातम्या लंडनमधल्या नव्या इमारतीत गेल्या. तिथे रोबोट कॅमेरे होते. त्यानंतर काही वेळा थेट बातम्या चालू असताना कॅमेरा भलतीकडेच वळला. प्रेक्षक हसले आणि म्हणाले, "कॅमेरा चुकला." पण खरंच कॅमेरा चुकला का? वाट कोणी आखली? तपासणी कोणी केली? आणि जिथे चार जण काम करत होते तिथे एकच ठेवायचा, हे कोणी ठरवलं? कॅमेऱ्याने तर नक्कीच नाही!

भाषेकडे पाहू
मराठी क्रियापदं हा फरक छान दाखवतात.
चालणे – चालवणे – चालवून घेणे
फिरणे – फिरवणे – फिरवून घेणे
थांबणे – थांबवणे

'कॅमेरा थांबला' या वाक्यात थांबवणारा दिसत नाही. 'ताईने कॅमेरा थांबवला' म्हटलं की तो दिसतो. शिवाय भूतकाळात त्याला 'ने' लागतो. 'चूक झाली' आणि 'मी चूक केली' यांतही हाच फरक आहे. वाक्यात माणूस दिसला नाही, तर "कोणी?" असं विचारायची सवय लावा.

शब्दार्थ
बिनचालक – ज्याला ड्रायव्हर नाही असा
गोदाम – माल ठेवायची मोठी जागा
वाहिनी – टीव्हीचं चॅनल
भलतीकडे – नको त्या दिशेला
आखणे – आधी विचार करून ठरवणे

प्रश्न
१. छापखान्यात एजीव्ही कोणतं काम करतात?
२. रोबोट कॅमेऱ्यांना सपाट जमीन का लागते?
३. 'दार उघडलं', 'दिवा विझला', 'खेळणं मोडलं'. या वाक्यांत करणारा माणूस घालून ती पुन्हा लिहा. (उदा. दादाने दार उघडलं.)
४. एका कॅमेरामनची जागा यंत्राने घेतली. त्याला आता कोणतं नवं काम शिकता येईल? आजी-आजोबांशी किंवा आई-बाबांशी मराठीत बोला आणि पाच वाक्यं लिहा.
५. पाठाच्या आधी लिहिलेलं उत्तर पुन्हा वाचा. त्यात काही बदलावंसं वाटतं का?